रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना बुरशीचं औषध घ्यायचं झालं, तर

श्रावण लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर नायट्याचे पेशंट वाढतात. कपडे नीट वाळत नाहीत, घाम अंगातच जिरतो, मग जांघेत, कमरेला, परकराच्या नाडीखाली गोल चट्टे उठतात. "ते खाजेचं द्या हो," एवढं म्हणून माणूस पैसे पुढे करतो. चिठ्ठी नसतेच.

दोन पावसाळ्यांपूर्वी एक मावशी पॅरासिटॅमॉल घ्यायला आल्या होत्या. पैसे देताना हात पुढे केला, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे-काळे डाग दिसले. "नवीन बांगड्या भरल्या, कासारणीनं जोरात चढवल्या असतील," त्या म्हणाल्या. मी विचारलं, हिरड्यांतून रक्त येतं का? "ब्रश केला की चूळ गुलाबी येते खरी." अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची डावी झडप बदललेली, तेव्हापासून असिट्रॉम ही रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. कॅरीबॅगेत औषधांच्या पट्ट्या होत्या, त्यांत फ्लुकोनॅझोल १५० ह्या बुरशीच्या गोळीची एक पट्टी. शेजारणीला त्या गोळीनं गुण आला होता. शेजारीण आठवड्याला एक घेत होती, ह्यांनी आठ दिवस रोज घेतली. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा; तो जितका मोठा, तितकं रक्त पातळ. त्यांचा महिन्यापूर्वीचा आयएनआर होता २.९. त्या संध्याकाळी तो ७.४ आला.

ती पट्टी देणाऱ्या दुकानात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही काही सांगितलं नव्हतं. "रक्ताच्या गोळीचा खाजेशी काय संबंध?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या प्रश्नाचं उत्तर आणि अशा वेळी नेमकं काय करायचं, हे क्रमानं लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते: ह्या दोन औषधांच्या बऱ्याच जोड्या एकत्र देता येतात, रोज दिल्याही जातात. पण त्या तारखा ठरवून, तपासणी ठरवून दिल्या जातात. घात होतो तो कुणाला कळवलेलं नसतं म्हणून.

आत नेमकं काय होतं

असिट्रॉम म्हणजे असेनोकुमेरॉल. त्याचं भावंड वॉर्फरिन. दोन्ही औषधं व्हिटॅमिन के चं काम अडवतात आणि त्यामुळे यकृतात तयार होणारे रक्त गोठवणारे चार घटक अपुरे पडतात. शरीर ह्या गोळ्यांचा निचरा करतं ते मुख्यतः यकृतातल्या २सी९ नावाच्या एन्झाइमच्या (औषधं मोडून काढणाऱ्या प्रथिनाच्या) जोरावर. फ्लुकोनॅझोल नेमकं तेच एन्झाइम दाबतं. मोरी तुंबली की नळ तेवढाच चालू असूनही पाणी चढत जातं, तसं इथे होतं. गोळी रोजचीच, तेवढीच, पण रक्तात साचत जाते.

हे एका रात्रीत होत नाही, आणि तिथेच लोक फसतात. गोठवणाऱ्या घटकांपैकी एक सुमारे सहा तासांत निम्मा होतो, तर दुसऱ्याला, प्रोथ्रॉम्बिनला, निम्मं व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशीचा आयएनआर चांगला आला म्हणजे सुटलो, असं नसतं. खरं चित्र चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. फ्लुकोनॅझोल स्वतः रक्तात निम्मं व्हायला सुमारे ३० तास लागतात, म्हणजे शेवटच्या गोळीनंतरही त्याचा अंमल आठवडाभर रेंगाळतो. त्याचा निचरा मूत्रपिंडातून होतो. वयस्कर माणसाची किडनी मंद असेल तर आणखी जास्त दिवस.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. ह्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जन्मच बुरशीतून झालाय. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत दमट हवेत कुजलेलं स्वीट क्लोव्हरचं गवत खाऊन गाईगुरं रक्तस्राव होऊन मरत होती. त्या गवतातल्या कुमारिन नावाच्या द्रव्याचं बुरशीनं डायकुमेरॉल, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य, केलं होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं ते वेगळं काढलं. त्यातूनच पुढे वॉर्फरिन आलं, १९४८ मध्ये उंदीर मारायला आणि १९५४ पासून माणसांसाठी. शिंकाळ्यातल्या भाकरीवरची बुरशी बघितली की मला ती गुरं आठवतात.

पहिली पायरी: आपली गोळी कुठल्या घराण्यातली ते ओळखा

"रक्त पातळ व्हायची गोळी" असं आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतो.

पहिलं घराणं असेनोकुमेरॉल आणि वॉर्फरिनचं. धातूची झडप बसवलेल्यांना हीच द्यावी लागतात. ह्यांचा परिणाम पीटी-आयएनआर तपासणीत दिसतो. साधारण २ ते ३ ठेवतात, डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेसाठी बहुधा २.५ ते ३.५.

दुसरं नव्या गोळ्यांचं: डाबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, एडोक्साबान. ठोके अनियमित असलेल्यांना, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्यांना ह्या देतात. ह्यांना नेहमीच्या आयएनआरची गरज नसते, आणि बुरशीच्या औषधाच्या बाबतीत तीच त्यांची अडचण आहे. औषध साचलं तरी आयएनआर ते धड दाखवत नाही.

तिसरं ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर. स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) टाकलेल्यांच्या डब्यात ह्या असतातच. ह्या खरं तर रक्तातल्या प्लेटलेट पेशींना एकमेकींना चिकटू न देणाऱ्या गोळ्या.

पट्टीवर कंपनीचं ठसठशीत नाव असतं आणि त्याच्या जवळपास बारीक अक्षरात मूळ औषधाचं. ते मूळ नाव एकदा वहीत उतरवून ठेवा. चष्मा लावून, दिवसाच्या उजेडात.

दुसरी पायरी: बुरशीचं औषध कुठल्या रूपात आहे ते पाहा

अंगाला थोड्या जागेवर लावायचं साधं मलम रक्तात फारसं उतरत नाही. क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन यांची मलमं बहुतेकांना चालतात. कातडी सोलवटलेली असेल किंवा पाठ-पोट सगळं माखायचं असेल, तर मात्र आधी विचारा. आणि बुरशी, जंतू, खाज सगळ्यांवर एकच म्हणून मिळणारी, आत क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असलेली मलमं आणूच नका. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा आत पसरत जातो, आणि महिन्याभरानं पोटातल्या गोळीवाचून गत्यंतर उरत नाही. आपल्याकडे नायटा इतका हट्टी झालाय, त्यात ह्या मलमांचा मोठा हात आहे.

तोंडात लावायच्या जेलबद्दल मात्र मी आवाज चढवून सांगते. जिभेवर पांढरा थर येतो, कवळीखाली आग होते, दम्याचा पंप घेणाऱ्यांना हे वरचेवर होतं. त्यावर मायकोनॅझोलचं जेल मिळतं. "जेलच तर आहे" म्हणून कुणी नोंद घेत नाही, पण ते गिळलं जातं, रक्तात उतरतं आणि तेच २सी९ दाबतं. वॉर्फरिन घेणाऱ्यांत ह्या जेलनं गंभीर रक्तस्राव झालेले आहेत. म्हणूनच ब्रिटनच्या औषध नियामकानं २०१७ मध्ये, चिठ्ठीशिवाय विकलं जाणारं हे जेल वॉर्फरिन घेणाऱ्यांना देऊ नये, असा स्पष्ट इशारा दिला. मायकोनॅझोलच्या योनीत ठेवायच्या गोळीबाबतही हीच सावधगिरी. तोंडासाठी निस्टॅटिन हा चांगला पर्याय आहे. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. अंगावरून पांढरं जातं म्हणून एका पाकिटात तीन-चार गोळ्यांचा किट मिळतो. त्यात बऱ्याचदा फ्लुकोनॅझोल १५०, ॲझिथ्रोमायसिन आणि सेक्निडॅझोल एकत्र असतं. असेनोकुमेरॉल किंवा वॉर्फरिन घेणाऱ्या बाईनं तो किट डॉक्टरांना न विचारता फोडू नये. तिथे एक नाही, दोन-तीन औषधं मिळून आयएनआर चढवू शकतात. हे दुखणं सांगायची लाज वाटते, म्हणून ते घरातही बोललं जात नाही. मुली-सुनांनी आपणहून विचारलेलं बरं.

तिसरी पायरी: जोडी लावून पाहा

असेनोकुमेरॉल किंवा वॉर्फरिनबरोबर फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल ह्या सगळ्यांत जड जोड्या. फ्लुकोनॅझोल रोज चालणार असेल तर डॉक्टर वॉर्फरिनचा डोस बऱ्याचदा २५ ते ४० टक्क्यांनी उतरवतात. कधी आधीच, कधी आयएनआर बघत बघत. हा आकडा तुम्हाला स्वतः गोळी मोडण्यासाठी दिलेला नाही. प्रत्येकाचं २सी९ जन्मतः वेगळ्या ताकदीचं असतं, एकाला पुरे ते दुसऱ्याला घातक ठरतं. इट्राकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोलनंही आयएनआर वाढू शकतो, म्हणून तपासणी तीच. ग्रायसोफल्विन हे जुनं औषध उलट वागतं. ते रक्ताच्या गोळीचा जोर कमी करतं, आणि बंद केल्यावर आयएनआर वर जातो. टर्बिनाफिनची गोळी ह्यांत बरीच निरुपद्रवी. तुरळक प्रसंग नोंदलेले आहेत, म्हणून आठवड्यानं एक आयएनआर करून घ्यावा, एवढंच.

झडपवाल्यांसाठी इट्राकोनॅझोलचा वेगळा धोका आहे. ते हृदयाच्या आकुंचनाची ताकद कमी करू शकतं. पूर्वी कधी हृदय कमजोर झालं असेल, पायांवर सूज किंवा धाप असेल, तर नखाच्या बुरशीसारख्या दुखण्यासाठी ते घेऊ नये. त्वचेच्या डॉक्टरांना छातीवरचा टाका दिसत नाही, तुम्ही सांगितलं तरच कळतं.

नव्या गोळ्यांमध्ये खेळ वेगळ्या ठिकाणी चालतो. तिथे ३ए४ हे एन्झाइम आणि औषध पेशीबाहेर ढकलणारा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप महत्त्वाचा. केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, पोसाकोनॅझोल दोन्ही दाबतात. केटोकोनॅझोलबरोबर रिव्हारोक्साबानचं रक्तातलं एकूण प्रमाण सुमारे २.६ पट होतं, अपिक्साबानचं दुप्पट. म्हणून रिव्हारोक्साबानबरोबर ही औषधं आणि व्होरिकोनॅझोल शक्यतो टाळतात. डाबिगॅट्रानबरोबर केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल युरोपात निषिद्धच आहेत. अपिक्साबानचा डोस काही वेळा निम्मा करतात. फ्लुकोनॅझोलनं रिव्हारोक्साबान सुमारे १.४ पटच वाढतं, म्हणून पूर्वी त्याकडे दुर्लक्ष होई. पण २०१७ मध्ये तैवानमधल्या ९१ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ह्या नव्या गोळ्यांबरोबर फ्लुकोनॅझोल घेतलेल्यांत मोठा रक्तस्राव जास्त आढळला. वय जास्त आणि किडनी मंद असेल तर ह्या जोडीला हलकं समजू नका.

स्टेंटवाल्यांचं आणखी निराळं. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं, यकृत त्याला जागं करतं. फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल हे जागं करणंच अडवतात. म्हणजे इथे भीती रक्तस्रावाची नाही, स्टेंट बंद होण्याची. टिकाग्रेलॉरबरोबर केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल चालतच नाहीत, कारण टिकाग्रेलॉर रक्तात कित्येक पटींनी वाढतं.

२०२१ च्या मे-जूनमध्ये काळ्या बुरशीच्या साथीत हे सगळं महाराष्ट्रानं अंगावर घेतलं. कोविडमधून उठलेला, साखर वाढलेला माणूस, गुठळी होऊ नये म्हणून घरी रिव्हारोक्साबान किंवा अपिक्साबान चालू, आणि वर पोसाकोनॅझोल कित्येक महिने. ॲम्फोटेरिसिन ह्या बुरशीच्या औषधाची इंजेक्शनं यकृतातल्या ह्या भांडणात पडत नाहीत, पण ती किडनीला मारतात, आणि डाबिगॅट्रान किंवा पोटात टोचायचं एनॉक्सापॅरिन किडनीतूनच बाहेर जातं. धोका तिथून मागच्या दारानं येतो.

चौथी पायरी: पोटातली गोळी खरंच हवी आहे का, हे विचारा

हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला संकोच नको. खाजणारा प्रत्येक गोल चट्टा नायटा नसतो. चट्ट्याची कड खरवडून, बुरशी आहे का हे बघायची केओएच नावाची साधी तपासणी होते, तिला फार वेळ लागत नाही. नायटा असलाच आणि दोन-तीन चट्टेच असतील, तर मलम चार आठवडे नेमानं लावून भागू शकतं. नखाची बुरशी दिसायला वाईट, पण तिच्यासाठी झडपवाल्या माणसानं महिनोन् महिने इट्राकोनॅझोल घ्यावं का, ह्यावर माझं मत स्पष्ट आहे: आधी दुसरे सगळे मार्ग संपवा.

दुसऱ्या बाजूला, बुरशी रक्तात, फुप्फुसात, मेंदूजवळ पोचली असेल तर हे औषध टाळणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे औषध द्यायचं आणि रक्ताची गोळी सांभाळायची, कधी तात्पुरती बदलायची. हे हॉस्पिटलातच होतं.

पाचवी पायरी: फोन करा आणि हे शब्द वापरा

"माझी रक्ताची गोळी चालू आहे" एवढं सांगून भागत नाही. असं सांगा: "डॉक्टर, माझी मायट्रल झडप धातूची आहे. असेनोकुमेरॉल दोन मिलिग्रॅम रोज रात्री घेते. शेवटचा आयएनआर १२ तारखेला २.९ होता. आज त्वचेच्या डॉक्टरांनी फ्लुकोनॅझोल १५० आठवड्यातून एकदा, चार आठवडे दिलंय. सुरू करू का, आणि तपासणी कधी करू?"

ह्यात पाच गोष्टी आल्या: गोळी कशासाठी, कुठली, किती, शेवटचा आकडा, आणि नवं औषध किती दिवस. दोन्ही डॉक्टरांना हेच सांगा. ते दोघे एकमेकांशी बोलतील असं गृहीत धरू नका. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही सांगा. सिम्व्हास्टॅटिन आणि अॅटोर्व्हास्टॅटिनचं इट्राकोनॅझोलशी वाकडं आहे.

सहावी पायरी: कॅलेंडर भिंतीवरून खाली काढा

तारखांचं पान हातात घ्या. बुरशीचं औषध सुरू होईल त्या दिवसावर गोल करा, आणि त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी एक आयएनआर करून घ्या. तो पाया. रोजचं फ्लुकोनॅझोल असेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात दुसरा, सातव्या दिवशी तिसरा, आणि मग औषध संपेपर्यंत आठवड्याला एक. डॉक्टरांनी ह्याहून जवळच्या तारखा दिल्या तर त्याच पाळा.

आठवड्याला एक गोळी असेल तर एक बारीक गोष्ट आहे, जी फार थोडे सांगतात. पुढची गोळी येईपर्यंत आधीची बरीचशी उतरलेली असते, त्यामुळे आयएनआर लाटेसारखा वर-खाली होतो. पुढच्या गोळीच्या दिवशी सकाळी तपासलं तर आकडा शहाण्यासारखा दिसेल. तपासणी गोळीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी ठेवा. एकच गोळी दिली असेल तरी आठवड्याच्या आत एक आयएनआर हवाच.

ह्या दिवसांत जेवणाकडेही बघा. तोंड आलंय म्हणून नुसती पेज चाललीय, मेथी-पालक-शेपू सगळं बंद, तर व्हिटॅमिन के कमी होऊन आयएनआर आपोआप चढतो. भाजी नेहमी खात असाल तेवढीच चालू ठेवा, एकदम वाढवूही नका. अंग दुखलं तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. पॅरासिटॅमॉल चालतं, पण तेही सलग चार-पाच दिवस भरपूर घेतलं तर आयएनआर वाढवतं. म्हणून त्याचीही नोंद ठेवा.

सातवी पायरी: रक्त कुठे दिसतं, ते रोज बघा

ब्रश केल्यावरची चूळ. आंघोळीच्या वेळी दंड, मांड्या, पाठ, आणि पाठ दुसऱ्यानं बघायची. लघवीचा रंग चहासारखा किंवा लाल. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ठरवायचं काम डॉक्टरांचं). पाळी नेहमीपेक्षा जास्त. नाकातून येणारं रक्त दहा मिनिटं नाक दाबून धरूनही न थांबणं.

हिरड्या, डाग असं किरकोळ असेल तर त्याच दिवशी आयएनआर आणि डॉक्टरांना फोन. अचानक प्रचंड डोकेदुखी, उलट्या, बोबडं बोलणं, हात-पाय लुळा पडणं, रक्ताची उलटी, काळी शौच, किंवा डोक्याला मार, मग वरून खोक नसली तरी: सरळ मोठ्या हॉस्पिटलात. सगळ्या औषधांची कॅरीबॅग उचलून न्या.

आयएनआर ४.५ ते १० मध्ये असून रक्तस्राव नसेल, तर बहुधा एक-दोन डोस थांबवून पुन्हा तपासतात. दहाच्या वर गेला तर तोंडातून व्हिटॅमिन के देतात. झडपवाल्यांनी व्हिटॅमिन के चं इंजेक्शन घाबरून जवळच्या दवाखान्यात टोचून घेऊ नये. जास्त झालं तर पुढे कित्येक दिवस रक्ताची गोळी लागूच पडत नाही आणि झडपेवर गुठळी बसू शकते. ते किती द्यायचं, हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरू दे.

आठवी पायरी: बुरशीचं औषध संपलं, काम संपलं नाही

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, कारण खाज गेलेली असते आणि माणूस खूश असतो. फ्लुकोनॅझोल बंद झालं की २सी९ हळूहळू मोकळं होतं, तुंबलेली मोरी वाहू लागते. आणि रक्ताची गोळी तर कमीच केलेली आहे. आता आयएनआर खाली जाणार. दीड झाला तरी अंगावर काही दिसत नाही, डाग नाही, रक्त नाही, आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरायला तेवढं पुरतं. म्हणून शेवटच्या गोळीनंतर एका आठवड्यानं एक आणि दोन आठवड्यांनी एक आयएनआर, आणि डॉक्टर सांगतील तसा जुना डोस परत. इट्राकोनॅझोल रक्तातून उतरायला एक ते दोन आठवडे लागतात, त्याच्या तारखा तेवढ्या पुढे ढकला. नखात ते महिनोन् महिने राहतं, पण नखातलं औषध यकृतापर्यंत जात नाही, त्याची काळजी नको.

त्या मावशींचं असंच झालं होतं. दोन रात्री गोळी थांबवून मग कमी डोसवर आयएनआर ३.२ वर आला, सगळ्यांना हायसं वाटलं. दहाव्या दिवशीची तपासणी त्या "आता बरी आहे" म्हणून टाळणार होत्या. मुलानं बळंच नेलं. आकडा आला १.७. त्याच दिवशी डोस वाढवला.

आता त्यांच्या आयएनआरच्या वहीच्या पहिल्या पानावर मुलानं मोठ्या अक्षरात लिहिलंय: झडप कुठली, गोळी कुठली, आकडा किती हवा, दोन डॉक्टरांचे फोन. खाली लाल शाईनं: "खाज, तोंड, नख, अंगावर जाणं, कशाचंही औषध घेण्याआधी हे पान दाखवणे." त्या काउंटरवर आल्या की आधी ती वही ठेवतात, मग काय हवंय ते सांगतात.